गोव्यात हाताने केलेल्या वस्तू घेताय? कारागिराला पैसे नीट कसे द्यायचे, पहिल्यापासून सांगतो

होमस्टे काढलाय, छोटं दुकान टाकलंय, कॅफेला लॅम्पशेड हवेत, नायतर घरात लग्न आहे आणि रिटर्न गिफ्टला प्लास्टिकचे डबे नकोत, अशा लोकांचे प्रश्न बरेचदा येतात. थेट कारागिराकडून घ्यायचंय, रेट पण चांगला द्यायचाय, त्या घराचं भलं झालं पाहिजे, पण सुरुवात कुठून करायची? ही इच्छा चांगलीच आहे, फक्त थोडी पद्धत हवी, कारण चांगल्या मनाने दिलेले पैसे चुकीच्या खिशात जायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोनशेच्या टोपलीला पाचशे देऊन, मावशीबरोबर फोटो काढून तुम्ही निघून गेलात तर त्या दिवशी त्या घरात बरे बांगडे येतील, बस. त्याने गरिबी हलत नाही. कारागीर गरीब राहतो त्याचं मोठं कारण बहुतेक वेळा असं असतं की काम नसलेल्या महिन्यांत तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो, कच्च्या मालाला नायतर पोराच्या शाळेला, आणि मग सीझन आला की तयार माल त्याच व्यापाऱ्याला त्याच्याच भावाने द्यावा लागतो, दुसरा कोणी जास्त देत असला तरी. ही साखळी तुटते ती आगाऊ पैशाने आणि परत परत मिळणाऱ्या ऑर्डरीने. चढा रेट हवाच, पण नुसत्या रेटने होत नाही.

पायरी १: माणूस शोधा, दुकान नको

कलंगुट-बागाच्या रस्त्यावर जे 'गोवा हँडिक्राफ्ट' म्हणून लटकलेलं असतं त्यातलं बरंच काश्मीर, राजस्थानकडून आलेलं असतं, काही तर सरळ मशीनचं. काश्मिरी कारागिराबद्दल आपलं काही म्हणणं नाही, तोही पोटासाठीच करतो, पण तुम्हाला इथल्या घरात पैसे पोचवायचे असतील तर तिथे घेऊन ते पोचत नाहीत, त्यात टॅक्सीवाल्याचं कमिशन असलं तर तेही तुमच्याच बिलातून जातं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघा, सकाळी लवकर. मडकी आणि आयदान, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, घेऊन बसलेल्या बायका एका अंगाला असतात, दुपारपर्यंत बरा माल संपतो. मातीकाम बघायचं तर डिचोलीकडे जा. लाखेच्या रंगाचं लाकूडकाम, पाट, पाळणे, खेळणी, यासाठी कुंकळ्ळीचे चितारी नावाजलेले आहेत. समया, पितळेचं काम, क्रोशाची लेस, करवंटीचे डाव-वाट्या, हे सगळं आहे, फक्त बोर्ड लावून बसलेलं नाही. पणजीत लोकोत्सव भरतो तेव्हा एकाच जागी बरेच जण भेटतात, तिथे विकत घ्यायच्या आधी फोन नंबर आणि गाव विचारून ठेवा, खरी खरेदी नंतर त्यांच्या घरी जाऊन करा.

समोरचा स्वतः करतो की नुसता विकतो हे कसं कळणार? करण्याबद्दल विचारा. "कामट्या कधी काढल्या?" "भट्टी कधी लावता?" जो करतो तो लगेच सुरू होतो, थांबवावं लागतं, आणि जो करत नाही तो तुम्हाला भाव सांगायला लागतो. बांबूवाल्यांची बोटं बघितली तरी कळतं, चिरा पडलेल्या असतात.

मात्र मधला माणूस दिसला की तो लुटारूच, असं समजू नका. दहा घरांची सुपं डोक्यावर घेऊन पहाटेच्या बसने बाजारात आणणारी बाई पण कामच करते, तिचा वाटा असलाच पाहिजे. तिला सरळ विचारा, करणाऱ्याला किती देतेस? सांगायला लाजली नाही तर तिच्याशी व्यवहार करायला हरकत नाही.

कुणबी कापडाबद्दल वेगळं सांगायला हवं. तांबड्या चौकड्यांची ती आखूड साडी कुणबी-गावडा बायका नेसायच्या, मधे ती विणणारेच जवळजवळ राहिले नव्हते, मग वेंडेल रॉड्रिक्ससारख्या डिझायनरने ती परत लोकांसमोर आणली आणि मागणी आली. मागणी आली की पॉवरलूमची नक्कल येतेच. हातमागाचं कापड असेल तर काठाला बारीक टाचणीची भोकं बघा, विणताना कापड ताणून धरायला लावतात त्या पट्टीची ती असतात, आणि उजेडात धरलं तर धागा कुठे दाट कुठे विरळ दिसतो. हँडलूम मार्क, म्हणजे हातमागाचा सरकारी शिक्का, असला तर उत्तमच. पॉवरलूमवाल्याला हातमागाचा भाव दिला तर ज्याला द्यायचा होता त्याचंच नुकसान होतं.

पायरी २: एक नग पहिल्यापासून शेवटपर्यंत होताना बघा

ही पायरी लोक टाळतात, वेळ नसतो म्हणतात. पण रेट इथेच ठरतो.

साधी टोपली घ्या. बांबू आधी आणायचा, आपल्याकडे बहुतेक माणगा वापरतात, तो कोणाच्या तरी कुळागरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) नायतर डोंगराच्या कडेने विकत घेऊन खांद्यावरून आणायचा. मग कोयत्याने उभा चिरायचा, गाठी तासायच्या, आणि त्याचे थर काढायचे. बाहेरची हिरवी साल सगळ्यात चिवट, ती काठाला आणि विणीला जाते, आतला पांढरा भाग लवकर मोडतो म्हणून बराचसा चुलीत जातो. म्हणजे अख्ख्या बांबूचे पैसे दिले तरी कामाला येतो त्यातला थोडाच. कामट्या कागदासारख्या पातळ करताना डाव्या हाताचं बोट पात्याच्या पुढे चालत असतं, बघतानाच आपल्याला कसंतरी होतं. मग तळ, मग भिंत, आणि शेवटी काठ बांधायचा, त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण काठ ढिला तर टोपली गेली.

घड्याळ लावून बसा पण कारागिराला दिसेल असं नको, तपासणी वाटते. आणि फक्त विणायचा वेळ मोजू नका. बांबू आणणं, चिरणं, तासणं, बाजाराला नेणं, न खपलेलं परत आणणं, सगळं धरा. विणायला दोन तास लागले तर एकूण पाचच्या आसपास जातात असं समजून चालायला हरकत नाही.

पायरी ३: हिशोब कागदावर मांडा

"किती देऊ?" विचारलंत तर बहुतेक वेळा कोंकणीत उत्तर येतं "तुका जाय तितले दी", म्हणजे तुला हवे तेवढे दे. हे ऐकून खूश होऊ नका. त्या माणसाला आयुष्यभर कोणी त्याच्या वेळेचा भाव विचारलेला नसतो. आयदान करणारे बहुतेक दलित समाजातले, मडकीवाले कुंभार, कोकणपट्ट्यात गावाच्या जुन्या रीतीत हे काम भाताच्या मोबदल्यात व्हायचं आणि किती भात ते देणारा ठरवायचा. आज आपल्याला टोपली 'स्वस्तच असते' असं जे वाटतं ना, ते त्या रीतीचं उरलेलं आहे. बांबू किंवा कष्ट स्वस्त म्हणून नव्हे.

आता हिशोब. आकडे समजायला घेतलेत, तुमच्याकडे वेगळे येतील. टोपलीला बांबू ६० रुपयांचा, कोयता-बस-बाकी ३०, म्हणजे ९० खर्च. एकूण वेळ ५ तास. बाजारात २०० ला विकली तर हातात राहतात ११०, म्हणजे तासाला २२, आठ तासांचे १७६. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची गोव्यातली मजुरी दिवसाला ३५६ रुपये होती. म्हणजे वर्षानुवर्षं शिकलेल्या हाताला खड्डा खणायच्या मजुरीच्या निम्मेही मिळत नाहीत. मग पोरगं टोपली का शिकेल? हॉटेलात वेटर होईल नायतर कंपनीत पॅकिंगला जाईल, आणि बरोबरच करेल.

म्हणून उलटा हिशोब करा. चांगल्या गवंड्याला, सुताराला तुमच्या गावात दिवसाला काय देतात ते विचारा, कारागीर त्यांच्या बरोबरीचा, त्यावरून तासाचा दर काढा. समजा दिवसाला ८०० धरले, तासाला १००. पाच तासांचे ५००, वर खर्च ९०, झाले ५९०. हा तुमचा खरेदी दर. तुम्ही दुकानदार असाल तर भाडं, लाईट, न खपणारा माल धरून तुम्हाला तो साधारण दुप्पट दराने विकावा लागेल, १,२०० च्या आसपास.

इथे सगळे अडकतात. बाराशेची टोपली कोण घेणार? रोजच्या वापराची टोपली म्हणून कोणीच नाही, आणि ते बरोबर आहे. भात पाखडायला सूप घेणारी बाई स्वतःच श्रीमंत नाही, तिच्याकडून बाराशे मागायचे तर एका गरिबाचे काढून दुसऱ्याला दिल्यासारखं. म्हणून चढा दर तिथे लावा जिथे पैसा आहे. होमस्टेच्या खोल्यांत लॅम्पशेड, हॉटेलात लॉन्ड्री बास्केट, ऑफिसचे दिवाळी गिफ्ट, लग्नाचे हँपर. याच हाताने, याच विणीने, पण मापं तुमची आणि फिनिशिंग जास्त. टुरिस्ट एका रात्रीच्या खोलीला हजारो देतो, त्यात दोन लॅम्पशेडचे योग्य पैसे सहज बसतात. घरगुती सूप बाजारभावानेच घ्या, फक्त घासाघीस करू नका, भवानीच्या वेळी तर अजिबात नको.

पायरी ४: इसार द्या, आणि जांगडावर माल ठेवायला लावू नका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे.

"माल ठेवून जा, खपला की पैसे देतो." दुकानदार असं इतक्या सहज म्हणतात की त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटतच नाही. याला जांगड म्हणतात. मोठ्या सप्लायरला ते परवडतं. बांबू उधारीवर आणलेल्या माणसाचे सहा महिने तुमच्या शेल्फवर अडकून पडतात, त्यात चार टोपल्यांना बुरशी येते आणि शेवटी "ह्या परत घेऊन जा" ऐकावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका कुंभाराच्या पणत्या एका दुकानात दिवाळीनंतर वर्षभर पडून होत्या, पैसे नाहीत आणि पणत्या पण अर्ध्या फुटलेल्या. तुमच्या दुकानाचा धोका तुम्ही घ्या, त्याच्यावर ढकलू नका.

फेअर ट्रेडच्या, म्हणजे करणाऱ्याला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या, जागतिक नियमांत हस्तकलेच्या ऑर्डरला कारागिराने मागितलं तर निदान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असं आहे. आपण मागायची वाट बघू नये, कारण तो मागणारच नाही. निम्मे ऑर्डरीला, निम्मे माल हातात आल्यावर त्याच दिवशी. "सोमवारी अकाउंटंट येईल" वगैरे नको.

आता कोणी म्हणेल इसार घेऊन माल दिलाच नाही तर? होतं कधी कधी. म्हणून पहिली ऑर्डर लहान द्या, पाच-दहा नगांची. उशीर झाला तर आधी कारण विचारा, घरात आजारपण असतं, लग्न असतं, चार दिवस पाऊस लागलेला असतो. हे सगळं धरूनच तारीख ठरवावी, तो सांगेल त्याच्यावर दहा दिवस तुम्हीच वाढवून घ्या.

हॉटेलवाल्यांसाठी एक कायद्याची गोष्ट. २००६ च्या एमएसएमई (लहान उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, नायतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर असे थकवलेले पैसे इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षीचा खर्च म्हणूनही धरता येत नाहीत. तुमच्या कारागिराची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची ही सरकारी नोंदणी, नसेल तर करून द्या, ती ऑनलाईन होते आणि फुकट आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. हो, ती तुमच्याच विरुद्ध पण वापरता येईल, म्हणूनच करून द्यायची.

पायरी ५: पैसे कोणाच्या हातात पडतात ते बघा

बाजारात आता सगळीकडे क्यूआर कोड आहे, स्कॅन केलं की डबा ओरडतो "दोनशे रुपये प्राप्त हुए", सगळे खूश. पण तो नंबर बहुतेक वेळा मुलाचा नायतर नवऱ्याचा असतो. विणते मावशी आणि पैसे जातात दुसरीकडे. तिला बाजूला घेऊन हळूच विचारा, "मावशी, कॅश देऊ की अकाउंटला?" तिचं स्वतःचं खातं असेल तर त्यात टाका, नसेल आणि रोख हवे म्हणाली तर रोख द्या. घरच्यांसमोर विचारू नका, उगाच भांडण लागतं.

रोख दिलेत तर साध्या वहीत लिहा, तारीख, नग, दर, किती दिले, किती बाकी. दोन प्रती, एक तिच्याकडे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. जीएसटी बिल मागत बसू नका, वर्षाला एवढ्या छोट्या विक्रीला नोंदणी लागतच नाही, तुमच्या हिशोबाला ही पावती पुरते, शंका असेल तर आपल्या सीएला विचारा.

पायरी ६: खराब मालाला खराब म्हणा

दया करून वाकडी टोपली घेऊ नका. हे कठोर वाटेल, पण तुमच्याकडे ती खपणार नाही, मग पुढची ऑर्डर येणार नाही, आणि का आली नाही ते त्याला कधीच कळणार नाही. चांगला दर देणाऱ्याला नीट माल मागायचा हक्क आहे. फक्त आधी सांगा. पसंत पडलेला एक नग नमुना म्हणून त्याच्या घरी ठेवा, माप सेंटीमीटरमध्ये सांगून उपयोग नाही, त्याच मापाची काठी कापून द्या. डिझाईन तुम्ही बदललंत आणि त्यात माल बिघडला तर तो खर्च तुमचा. नवीन डिझाईनच्या पहिल्या दोन-तीन नगांचे जास्त पैसे द्या, कारण हात बसायला वेळ जातो.

बांबूला भुंगा लागतो, पीठ पडायला लागलं की समजा. त्याला कारागीर जबाबदार असेलच असं नाही, आपल्याकडची दमट हवाच तशी. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला बांबू जास्त टिकतो, पण तो खर्च आणि वेळ दरात धरायला हवा. करून दे म्हणायचं आणि पैसे तेवढेच, असं नको.

पायरी ७: पावसाचे महिने

जून ते सप्टेंबर मडकी वाळत नाहीत, भट्टी लावता येत नाही, बांबूला बुरशी धरते, टुरिस्ट नाहीत, बाजार थंड. उचल घ्यायची वेळ ती हीच. तुम्हाला खरंच फरक पाडायचा असेल तर मे महिन्यात, लोक पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करतात तेव्हा, डिसेंबरची ऑर्डर द्या आणि इसार तेव्हाच द्या. कुंभाराकडून एप्रिल-मेमध्ये भाजलेला माल जास्त घेऊन स्वतःकडे ठेवा, तुमच्याकडे जागा आहे, त्याच्याकडे पत्र्याचं छप्पर.

याच काळात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. वायनाला (वाणाला) सुपं लागतात, गणपतीवर बांधायची फळा-पानांची माटोळी लागते, आणि मातीचे गणपती करणाऱ्यांची तर तीन-चार महिने आधीपासून धावपळ असते. गोव्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे, तरी बाहेरून आलेल्या हलक्या, चकचकीत मूर्ती कुठे ना कुठे दिसतातच. आपल्या चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, पाट आधी नेऊन द्या आणि त्याच दिवशी निम्मे पैसे ठेवा, आदल्या दिवशी मूर्ती न्यायला गेल्यावर खिसा चाचपडू नका. हस्तकला महामंडळाकडून मातीच्या मूर्तीमागे अनुदान मिळतं, तुमच्या ओळखीतला कोणी अर्ज करत नसेल तर त्याला सांगा.

पायरी ८: कागदपत्रं, थोडक्यात

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ प्रकारचे कारागीर त्यात येतात, कुंभार, सुतार, लोहार, मूर्तिकार, टोपल्या-झाडू करणारे वगैरे. ट्रेनिंगला दिवसाचे ५०० रुपये, अवजारांना १५,००० पर्यंत, आणि तारण न ठेवता ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. एका घरातला एकच जण, आणि घरात सरकारी नोकरीवाला नको. अर्ज सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाईन कामांच्या केंद्रावर) होतो, आधार आणि बोटाचा ठसा लागतो. ठसा हे बांबूवाल्यांचं मोठं दुखणं, बोटं इतकी घासलेली की मशीन घेतच नाही, तेव्हा दोन-तीनदा जावं लागेल असं समजूनच जा. हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र असलं की सरकारी प्रदर्शनात स्टॉलसाठी अर्ज करता येतो, तेही काढून घ्या. एक दिवस गाडी काढून तुम्ही बरोबर गेलात तर पाचशे जास्त दिल्यापेक्षा ते बरं. कर्ज मात्र त्याला हवं असेल तरच, ऑर्डर हातात नसताना कर्ज काढायला सांगू नका.

आणि दर वाढवून मागितला तर?

मागणारच, आणि मागितला तर समजा काम बरं चाललंय. दर वर्षी चवथ झाल्यावर एकदा बसून बांबूचा, मातीचा, बसचा भाव परत लिहून काढा आणि दर तुम्हीच वाढवा. कधी दुसरा कोणी, पणजीचा मोठा बुटीकवाला वगैरे, तुमच्यापेक्षा जास्त देईल आणि कारागीर तिकडे जाईल, "माझ्याकडे शिकला आणि गेला" अशी बडबड करत फिरू नका, तुमची हातातली ऑर्डर पूर्ण करून घ्या, बाकी चुकती करा आणि त्याच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, अजून कोण हे काम करतं ते त्यालाच विचारा, तो नक्की सांगेल.